उष्ण कटिबंधातील मांसोत्पादक गोवंशाच्या वाढीच्या गुणधर्मांची आनुवंशिक सुधारणा : नेलोर गोवंशाच्या विशेष संदर्भात

सारांश

जनावराचे वजन हा पशुपैदाशीतील सर्वांत सोपा वाटणारा आणि म्हणूनच सर्वांत फसवा गुणधर्म आहे. प्रस्तुत लेखात ब्राझीलमधील नेलोर या भारतीय वंशाच्या गोवंशाच्या आधारे वाढीच्या गुणधर्मांची मोजणी, त्यांची आनुवंशिकता, निवडीचे गणित आणि निवडीचे आनुषंगिक परिणाम यांचे विवेचन केले आहे. ऑस्ट्रेलियातील बेलमाँट येथील प्रयोगांच्या साहाय्याने असे प्रतिपादन केले आहे की, उष्ण कटिबंधात 'वाढ' हा एक गुणधर्म नसून वाढीची अंगभूत क्षमता आणि ताण सोसण्याची शक्ती या दोहोंची ती बेरीज-वजाबाकी आहे. ज्या परिस्थितीत जनावर जगणार आहे, त्या परिस्थितीपासून तोडून केलेली निवड म्हणूनच अपुरी ठरते.

बीजशब्द : नेलोर, झेबू, आनुवंशिकता, पैदास मूल्य, निवड, वातावरणीय ताण.

प्रस्तावना

पदवी वर्गाला आनुवंशशास्त्र शिकविताना एक प्रश्न दरवर्षी पुढे येतो. कळपातील सर्वांत वजनदार वळू निवडला, तर त्याची वासरेही तितकीच वजनदार होतील काय? बहुतेक विद्यार्थी 'होय' असे उत्तर देतात. पाठ्यपुस्तकातील उत्तर 'काही अंशी' असे आहे. या 'काही अंशी'मध्ये नेमके काय दडले आहे, हे समजून घेण्यासाठी उष्ण कटिबंधातील मांसोत्पादक गोवंशाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

पाळीव गोवंशाचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. युरोपात प्रसार पावलेला, वशिंड नसलेला टॉरस गोवंश हा पहिला आणि भारतीय उपखंडात माणसाळविलेला, वशिंड व गळ्याला लोंबती पोळी असलेला झेबू गोवंश हा दुसरा. थंड, समशीतोष्ण प्रदेशात आणि भरपूर चाऱ्यावर टॉरस गोवंश झपाट्याने वाढतो. मात्र कडक ऊन, गोचीड, जंत आणि कोरड्या ऋतूतील निकृष्ट चारा यांच्यापुढे तो हतबल होतो. झेबूंची त्वचा, आखूड व चकचकीत केस, घाम बाहेर टाकण्याची क्षमता आणि शरीराची कमी ऊर्जागरज या गोष्टी त्यांना उष्ण प्रदेशात तारतात. जगातील उष्ण कटिबंधीय मांसोत्पादन झेबूंवर व त्यांच्या संकरांवर उभे राहिले, त्याचे मूळ कारण हेच होय.

ओंगोल ते नेलोर : ऐतिहासिक पार्श्वभूमी

आंध्र प्रदेशातील गुंटूर व प्रकाशम जिल्ह्यांचा परिसर हा ओंगोल गोवंशाचा मूळ प्रदेश. पांढऱ्या रंगाची, उंच व भक्कम बांध्याची ही जनावरे तेथील शेतकऱ्यांनी जड जमिनीच्या मशागतीसाठी आणि ओढकामासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा गोवंश ब्राझीलमध्ये नेला जाऊ लागला आणि नेल्लोर या नावावरून तेथे 'नेलोर' म्हणून ओळखला गेला.

हा प्रवास निर्वेध नव्हता. भारतातून ब्राझीलकडे निघालेल्या झेबूंसोबत १९२० मध्ये बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात बुळकांडीचा रोग पोहोचला. त्या साथीच्या धक्क्यातूनच १९२४ मध्ये प्राण्यांच्या रोगांसंबंधीची आंतरराष्ट्रीय संस्था पॅरिस येथे स्थापन झाली. १९२१ मध्ये ब्राझीलमध्येही बुळकांडी दिसून आली व आयातीवर बंधने आली. शेवटची महत्त्वाची आयात १९६० च्या दशकाच्या प्रारंभी झाली. ही जनावरे फर्नांदो दे नोरोन्या या बेटावर विलग ठेवून मगच मुख्य भूमीवर उतरविण्यात आली. या आयातीतील कारवादी, ताजमहाल, गोलियास यांसारख्या मोजक्या वळूंचा वंश पुढे संपूर्ण देशात पसरला.

भारतातून ब्राझीलमध्ये गेलेल्या सर्व झेबू जनावरांची एकूण संख्या दहा हजारांच्याही आतच राहिली. आज त्या देशातील गोधन २० कोटींहून अधिक असून त्यातील बहुतांश जनावरांत नेलोरचे रक्त आहे. इतक्या थोड्या जनावरांपासून हे घडले कसे? आयात वळूंचा स्थानिक टॉरस गाईंशी संकर करावयाचा, जन्मलेल्या कालवडींवर पुन्हा झेबू वळूच सोडावयाचा आणि हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवावयाचा, ही 'श्रेणीवर्धना'ची पद्धत तेथे वापरली गेली. पाचव्या पिढीत स्थानिक रक्ताचा वाटा बत्तिसाव्या हिश्शापर्यंत घटतो. परंतु पेशीतील तंतुकणिकांचा डी.एन.ए. केवळ मातेकडूनच येतो. त्यामुळे दिसायला शुद्ध झेबू असणाऱ्या अनेक नेलोर जनावरांत आजही टॉरस गाईंचा मातृवंश आढळतो. हा तपशील पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

वाढीची मोजणी

वाढीचे गुणधर्म म्हणजे जन्माचे वजन, दूध तोडतेवेळचे वजन, वर्षाचे व दीड वर्षाचे वजन, दोन वजनांमधील दैनिक वाढ आणि प्रौढ वजन. ही वजने जशीच्या तशी परस्परांशी ताडून पाहता येत नाहीत, कारण सर्व वासरे एकाच दिवशी जन्मलेली नसतात. म्हणून वजन ठराविक वयाला, उदाहरणार्थ २१० दिवसांना, समायोजित केले जाते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 'अ' वासराचे जन्मवजन ३० कि.ग्रॅ. व १९० व्या दिवशीचे वजन १८२ कि.ग्रॅ. आहे. 'ब' वासराचे जन्मवजन २९ कि.ग्रॅ. व २२५ व्या दिवशीचे वजन २०० कि.ग्रॅ. आहे. काट्यावर 'ब' वजनदार दिसते. परंतु दैनिक वाढ काढल्यास 'अ'ची ०.८० कि.ग्रॅ. आणि 'ब'ची ०.७६ कि.ग्रॅ. येते. त्यावरून २१० दिवसांचे वजन अनुक्रमे १९८ व १८८.६ कि.ग्रॅ. ठरते. डोळ्यांनी केलेली निवड येथे चुकली असती.

वयाखेरीज आणखी दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. पहिली म्हणजे समकालीन गट. एकाच ऋतूत जन्मलेली, एकाच कुरणात चरलेली, समान व्यवस्थापन लाभलेली वासरेच एकमेकांशी ताडून पाहावयाची असतात. दुसरी म्हणजे मातेचा प्रभाव. दूध तोडतेवेळचे वजन हे वासराच्या स्वतःच्या जनुकांइतकेच गाईच्या दुधावर अवलंबून असते. म्हणून या वजनाची आनुवंशिकता दोन भागांत मांडली जाते. वासराची स्वतःची ती प्रत्यक्ष आणि गाईची ती मातृक. झेबू गोवंशात प्रत्यक्ष आनुवंशिकता साधारणतः ०.२ ते ०.३ च्या दरम्यान आणि मातृक आनुवंशिकता त्याहून कमी आढळते. दूध तुटल्यानंतर मातेचा प्रभाव ओसरत जातो व वर्षाच्या किंवा दीड वर्षाच्या वजनाची आनुवंशिकता ०.३ ते ०.४५ च्या आसपास जाते. म्हणूनच वाढीसाठीची निवड बहुधा या वयात केली जाते.

निवडीचे गणित

निवडीचा प्रतिसाद म्हणजे आनुवंशिकता आणि निवड-तफावत यांचा गुणाकार, हे पैदासशास्त्राचे मूलभूत सूत्र होय. समजा, कळपाचे दीड वर्षाचे सरासरी वजन ३०० कि.ग्रॅ. आहे आणि निवडलेल्या वळूंचे सरासरी वजन ३४० कि.ग्रॅ. आहे. गाई न निवडता सर्वच ठेवल्या, तर मातापित्यांची सरासरी श्रेष्ठता २० कि.ग्रॅ. भरते. आनुवंशिकता ०.३५ धरल्यास पुढील पिढीत वाढ होते ती केवळ ७ कि.ग्रॅ. एका पिढीला ५ वर्षे लागत असतील, तर वार्षिक प्रगती १.४ कि.ग्रॅ. इतकीच. प्रस्तावनेतील 'काही अंशी'चा अर्थ हा आहे. वळूच्या अंगावर दिसणाऱ्या ४० कि.ग्रॅ. श्रेष्ठतेतील बराच भाग चारा, माता, ऋतू आणि योगायोग यांनी दिलेला असतो. तो वारशाने जात नाही. मात्र जो भाग जातो, तो साचत राहतो. २५ वर्षांत हीच प्रगती ३५ कि.ग्रॅ. होते आणि ती दरवर्षीच्या खुराकाप्रमाणे पुन्हा विकत घ्यावी लागत नाही.

वळूचे खरे पैदास मूल्य त्याच्या एकट्याच्या वजनावरून अचूक कळत नाही. आनुवंशिकता ०.३६ असेल, तर स्वतःच्या एका नोंदीवरून केलेल्या अंदाजाची अचूकता ०.६० येते. भावंडे, पूर्वज आणि संतती यांच्या नोंदी जोडल्या की ती वाढते. या सर्व नोंदींचा एकत्रित विचार करून वातावरणाचा परिणाम आणि पैदास मूल्य एकाच वेळी काढण्याची संख्याशास्त्रीय पद्धत अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स हेंडरसन यांनी विकसित केली. संगणकाच्या प्रसारानंतर ती जगभर रूढ झाली. ब्राझीलमध्ये ऊबेराबा येथील झेबूपालकांची संघटना, एम्ब्रापा ही १९७३ मध्ये स्थापन झालेली कृषी संशोधन संस्था आणि पशुपालक-संशोधकांच्या इतर संघटना या पद्धतीने नेलोर वळूंचे मूल्यमापन करतात.

सेर्ताओझिन्यो येथील प्रयोग

गणिताने सांगितलेले प्रत्यक्षात घडते काय, याचे उत्तर साओ पावलो राज्यातील सेर्ताओझिन्यो येथील दीर्घकालीन प्रयोगाने दिले. तेथे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून नेलोरचे स्वतंत्र गट राखण्यात आले. नियंत्रण गटात सरासरीच्या जवळपास वजन असणारेच वळू ठेवले जात. निवड गटांत मात्र सर्वांत वजनदार वळू निवडले जात. नरांची चाचणी दूध तोडल्यानंतर बंदिस्त गोठ्यात, समान खाद्यावर घेतली जाई व त्यांचे ३७८ दिवसांचे वजन आधारभूत मानले जाई. माद्या कुरणात वाढत व त्यांची निवड ५५० दिवसांच्या वजनावर होई.

नियंत्रण गट ठेवण्यामागील विचार प्राध्यापक वर्गाने विद्यार्थ्यांना आवर्जून समजावून द्यावा असा आहे. वीस वर्षांत वजने वाढली, तरी ती सुधारलेल्या चाऱ्यामुळे वाढली की जनुकांमुळे, हे एका कळपावरून सांगता येत नाही. त्याच कुरणातील, निवड न केलेला गट शेजारी असला तरच फरकाचे श्रेय निवडीला देता येते. या प्रयोगात निवड गटांतील नर आणि माद्या दोन्ही नियंत्रण गटापेक्षा स्पष्टपणे वजनदार झाल्या. वाढीव वजनामुळे गाईंच्या प्रजननात लक्षणीय घट झाल्याचेही त्या कळपात दिसून आले नाही. अर्थात, त्या गटांतील गाईंचे प्रौढ वजनही वाढले. झेबू गोवंशात निवडीने वाढ सुधारत नाही, हा जुना समज या प्रयोगाने निकालात काढला.

बेलमाँटचा धडा : वाढ म्हणजे नेमके काय?

वजन वाढले हे सेर्ताओझिन्योने सिद्ध केले. परंतु वजन वाढते तेव्हा जनावरात नेमके काय बदलते, या प्रश्नाचा वेध ऑस्ट्रेलियात घेतला गेला. क्वीन्सलँड राज्यातील रॉकहॅम्प्टनजवळील बेलमाँट या संशोधन केंद्रावर फ्रिश व व्हरको या शास्त्रज्ञांनी झेबू वंशाचे ब्राह्मण आणि हरफर्ड-शॉर्टहॉर्न हे टॉरस संकर यांची वेगवेगळ्या ताणांखाली तुलना केली. गोचीड व जंत यांचा बंदोबस्त करून, सावलीत, उत्तम खाद्यावर ठेवल्यास टॉरस जनावरे अधिक वाढत. तीच जनावरे उघड्या कुरणात, परोपजीवी व ऊन यांच्या माऱ्यात ठेवली की क्रम उलटा होई. श्रेष्ठ वंश कोणता, या प्रश्नाला परिस्थिती सांगितल्याशिवाय उत्तरच नव्हते.

यापुढील निष्कर्ष अधिक अंतर्मुख करणारा आहे. हरफर्ड-शॉर्टहॉर्न गटातच, ताणयुक्त कुरणात, अधिक वाढणाऱ्या जनावरांची पिढ्यान्‌पिढ्या निवड करण्यात आली. निवड गट कुरणात नियंत्रण गटापेक्षा अधिक वाढू लागला. १९८१ मध्ये फ्रिश यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या दोन्ही गटांना ताणमुक्त वातावरणात ठेवून पाहिले गेले, तेव्हा निवड गटाची वाढीची अंगभूत क्षमता मुळीच वाढलेली आढळली नाही. वाढली होती ती उष्णता व रोग सोसण्याची शक्ती. घटली होती ती उपाशी अवस्थेतील ऊर्जेची गरज. संशोधकांनी वजन निवडले होते आणि कुरणाने त्याचा अर्थ 'सहनशक्ती' असा लावला होता.

या निष्कर्षाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. निवड उत्तम खाद्याच्या गोठ्यात केली, तर वजनाचा अर्थ 'अंगभूत क्षमता' असा होतो. तेथे गोचीड सोसणाऱ्या वळूला गुण मिळत नाहीत, कारण तेथे गोचीडच नसते. अशा गोठ्यात पहिला आलेला वळू सामान्य पशुपालकाच्या कोरड्या कुरणात पहिला येईलच, याची हमी देता येत नाही. आनुवंशशास्त्रात यास जनुक व वातावरण यांची आंतरक्रिया असे म्हणतात. संज्ञा क्लिष्ट असली, तरी तिचे मोल वळू विकत घेणाऱ्या पशुपालकाच्या खिशातून वसूल होते.

वजनासोबत येणारे इतर गुणधर्म

एकाच जनुकाचा अनेक गुणधर्मांवर परिणाम होत असल्याने कोणतीही निवड एकटी येत नाही. जन्मापासून प्रौढत्वापर्यंतची वजने परस्परांशी धन सहसंबंध राखतात. वर्षाचे वजन वाढविले की जन्मवजनही वाढते आणि अडलेल्या वेताचा धोका संभवतो. झेबू वासरे जन्मतः लहान असल्याने हा धोका त्यांच्यात तुलनेने कमी असतो. प्रौढ गाईचे वाढते वजन हा अधिक चिवट प्रश्न आहे. जनावराची निर्वाहाची ऊर्जागरज वजनाच्या तीन-चतुर्थांश घाताच्या प्रमाणात वाढते. ४५० कि.ग्रॅ. ऐवजी ५०० कि.ग्रॅ. ची गाय पोसावयाची, तर सुमारे ८ टक्के अधिक ऊर्जा लागते. कोरड्या ऋतूत ती ऊर्जा कुरणातून मिळाली नाही, तर गाय वेळेवर माजावर येत नाही आणि भाकड राहते. वजनदार वासराचा नफा गाईच्या एका चुकलेल्या वेतात निघून जातो.

चौदाव्या गुणसूत्रावरील 'प्लॅग-१' या जनुकाचा परिसर याचे नेमके उदाहरण होय. या जागी उंची व वजन वाढविणारे एक रूप टॉरस गोवंशाकडून संकराद्वारे झेबूंमध्ये आले असल्याचे आढळले आहे. नेलोरच्या श्रेणीवर्धनातून स्थानिक गाईंचा वारसा पुरता पुसला गेला नाही, हे आपण वर पाहिलेच आहे. ऑस्ट्रेलियातील ब्राह्मण गोवंशावरील २०१३ च्या अभ्यासात या परिसराचा संबंध उंची आणि वयात येण्याचा काळ या दोहोंशी दिसून आला. उंची वाढविणारे रूप वयात येणे लांबविते. केवळ वजनावर निवड करणारा पैदासकार नकळत उशिरा वयात येणाऱ्या कालवडी निवडत असतो. यावर उपाय म्हणून नेलोरच्या मूल्यमापनात वजनासोबत वळूच्या वृषणाचा घेर आणि कालवडीचे प्रथम वेताचे वय यांचाही अंतर्भाव करून संमिश्र निर्देशांक तयार केला जातो.

जनुकसमूहाधारित निवड

मेउविसेन, हेज व गोडार्ड यांनी २००१ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार संपूर्ण जनुकसमूहावर पसरलेल्या हजारो खुणांवरून जन्मतःच पैदास मूल्याचा अंदाज बांधता येतो. २००९ मध्ये गोवंशाचा जनुकसमूह प्रसिद्ध झाला आणि ही कल्पना व्यवहारात उतरली. संततीच्या नोंदींची वाट पाहावी लागत नसल्याने पिढी-अंतर घटते व वार्षिक प्रगती वाढते. तथापि दोन मर्यादा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. प्रारंभीच्या चाचण्यांतील खुणा प्रामुख्याने टॉरस गोवंशातून निवडल्या असल्याने झेबूंत त्यांपैकी अनेक निरुपयोगी ठरल्या. नेलोरसाठी स्वतंत्र संदर्भसमूह उभारावा लागला, तो याचमुळे. दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. खुणांना अर्थ मिळतो तो संदर्भसमूहातील जनावरांच्या प्रत्यक्ष नोंदींतून. त्या नोंदी केवळ समृद्ध गोठ्यांतील असतील, तर बेलमाँटचा धडा अत्याधुनिक तंत्रालाही तसाच लागू पडतो. शिवाय मोजक्या वळूंवर उभ्या राहिलेल्या वंशात जलद निवड म्हणजे निकट नात्यातील पैदाशीचा वाढता धोका होय.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रात २०१५ पासून गाईसोबत बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी आहे. त्यामुळे मांसासाठी गोवंशाची निवड हा आपल्याकडील विषय नाही. परंतु वाढीच्या निवडीची हीच तत्त्वे उस्मानाबादी व संगमनेरी शेळी आणि दख्खनी मेंढी यांना तंतोतंत लागू पडतात. ही जनावरे कोरडवाहू भागात, चराईवर, अनेकदा भटक्या कळपांतून वाढतात. प्रक्षेत्रावर खुराक देऊन वाढविलेला बोकड आणि माळावर चरून वाढलेला बोकड यांपैकी कोणाचे वजन पैदाशीसाठी ग्राह्य धरावे, या प्रश्नाचे उत्तर कळप कोठे चरणार आहे, यात आहे. पशुपालकाच्या कळपात जाऊन घेतलेल्या नोंदी जिकिरीच्या असतात. तरीही त्यांना पर्याय नाही.

निष्कर्ष

१. वाढीच्या गुणधर्मांची आनुवंशिकता मध्यम असून नियमित नोंदी व सातत्यपूर्ण निवड यांद्वारे झेबू गोवंशाच्या वजनात निश्चित सुधारणा होते.

२. वयाचे समायोजन, समकालीन गट व मातेचा प्रभाव यांचा विचार न करता केलेली निवड दिशाभूल करते.

३. ताणयुक्त वातावरणात वजनासाठी केलेली निवड सहनशक्ती वाढवू शकते. ताणमुक्त वातावरणातील निवडीत सहनशक्तीची परीक्षाच होत नाही. म्हणून चाचणीचे वातावरण हा निवडीचाच एक भाग मानला पाहिजे.

४. वजनासोबत प्रजनन, प्रौढ आकारमान व वंशातील विविधता यांचा विचार अपरिहार्य आहे.

समारोप

ओंगोल परिसरातील शेतकऱ्यांनी काटा, संगणक किंवा जनुकीय खुणा यांवाचून एक गोवंश घडविला. त्यांची कसोटी एकच होती. उन्हात, उपलब्ध चाऱ्यावर, वर्षभर काम करून जो बैल टिकेल, त्याचा वंश पुढे न्यावयाचा. ब्राझीलने त्या वारशाला मोजमापाची व नोंदींची जोड दिली आणि त्यावर एक प्रचंड व्यवसाय उभा केला. ज्या गुणांची कोणी नोंद केली नव्हती, तेच गुण या यशाचा पाया होते, हे विसरता कामा नये. आज आपण काट्यावर जे मोजू, तेच पुढील पिढीत वाढेल आणि जे मोजणार नाही, ते कमी होत गेले तरी आपल्या ध्यानात येणार नाही. पैदासशास्त्र शिकविताना सूत्रांइतकीच ही जाणीवही विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावी, एवढीच प्रस्तुत लेखामागील अपेक्षा आहे.